टेम्प्लेटच्या सीएसएसमध्ये केलेला बदल पानावर दिसत नाही : समस्या निवारण

लक्षणे

तयार एचटीएमएल टेम्प्लेट (वेबपानाचा आयता साचा) घेतले, त्याचे रंग, फॉन्ट आणि मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस फाइलमध्ये शीर्षपट्टीचा निळा रंग बदलून केशरी केला, फाइल सेव्ह केली, पान रिफ्रेश केले आणि शीर्षपट्टी निळीच राहिली, हे या दुखण्याचे मुख्य लक्षण. त्याची आणखी काही रूपे नेहमी पाहायला मिळतात. स्वतःच्या संगणकावर पान व्यवस्थित दिसते, पण होस्टिंगवर (संकेतस्थळ जिथे ठेवलेले असते त्या सर्व्हरवर) चढवल्यावर सगळी सजावट नाहीशी होऊन पांढऱ्या पानावर काळी अक्षरे आणि निळ्या लिंक एवढेच उरते. आपल्याला नवा रंग दिसतो, पण संस्थेच्या सचिवांच्या मोबाइलवर जुनाच दिसतो. फाइलच्या वरच्या भागातले बदल लागू होतात आणि एका विशिष्ट ओळीपासून खालचे काहीच लागू होत नाही. संगणकावर पट्टी केशरी होते, पण मोबाइलवर निळी राहते. आणि मराठी पानांच्या बाबतीत हमखास येणारी तक्रार म्हणजे, फॉन्ट बदलला की इंग्रजी अक्षरे बदलतात, मराठी मात्र होती तशीच राहतात.

वाचनालये, शाळा, पतसंस्था आणि छोटे व्यावसायिक यांची पाने टेम्प्लेटवरून बसवून देण्याचे काम मी करतो, आणि हे एकच दुखणे मी इतक्या वेळा दुरुस्त केले आहे की तपासणीचा क्रम आता ठरून गेला आहे. वरची सगळी लक्षणे सारखी वाटली, तरी त्यांची मुळे दोन वेगवेगळ्या ठिकाणी असतात. एक तर आपण लिहिलेला नियम (‘या घटकाला हा रंग’ अशी सीएसएसमधली एक सूचना) ब्राउझरपर्यंत पोहोचतच नाही, किंवा तो पोहोचतो, पण टेम्प्लेटमधल्या दुसऱ्या नियमापुढे हरतो. या दोहोंतले नेमके काय झाले आहे हे ठरवण्याआधी बहुतेक जण सीएसएसमध्ये खाडाखोड सुरू करतात आणि बराच वेळ घालवून मूळ फाइलही बिघडवून बसतात. म्हणून पहिले अर्धे काम फक्त निदानाचे आहे, हे कृपया मनात धरावे.

सुरुवातीला एकच तयारी करावी. टेम्प्लेटचे पूर्ण फोल्डर कॉपी करून त्याच्या नावापुढे आजची तारीख टाकावी आणि त्या प्रतीला पुन्हा हात लावू नये. याला एक मिनिटही लागत नाही, आणि पुढे काहीही बिघडले तरी परत येण्याची वाट मोकळी राहते.

आपण नेमकी कोणती फाइल पाहत आहोत?

पहिली तपासणी फुकट आहे आणि सर्वांत जास्त वेळा हीच उपयोगी पडते. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीकडे नीट पाहावे. पत्ता ‘फाइल’ या शब्दाने सुरू होत असेल, तर पान आपल्या संगणकावरून उघडलेले आहे. ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत असेल, तर ते सर्व्हरवरून आलेले आहे. संगणकावरची फाइल बदलायची आणि पान मात्र संकेतस्थळावरचे पाहत राहायचे, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बदललेली फाइल होस्टिंगवर चढवल्याशिवाय तिथले पान बदलणार नाही.

एका गावच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांनी मला बोलावले तेव्हा त्यांनी अख्खी दुपार रंग बदलण्यात घालवलेली होती. मी त्यांच्या शेजारी बसून पत्त्याची पट्टी वाचली, तेव्हा त्या मार्गात मधेच ‘टेम्प’ असा शब्द दिसला. त्यांनी उतरवलेली झिप फाइल विंडोजमध्ये नुसती दोनदा क्लिक करून उघडली होती आणि तिच्या आतूनच पान उघडले होते. असे केले की विंडोज झिपमधली तेवढी एकच एचटीएमएल फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढते. सीएसएस आणि चित्रे मागेच राहतात. त्यामुळे पान सजावटीविना दिसते आणि केलेले बदल त्या तात्पुरत्या जागीच राहून जातात. झिपवर उजवी क्लिक करून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ निवडावे, फोल्डर डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये काढावे आणि तिथूनच काम करावे. एकच टेम्प्लेट दोनतीनदा उतरवले असेल, तर डाउनलोड्समध्ये एकाच नावाची, कंसात १ आणि २ असे आकडे लागलेली फोल्डरे तयार होतात. त्यांतले कामाचे एक ठेवून बाकीची हलवावीत.

याच पायरीवर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. फाइल खरोखर सेव्ह झाली आहे का? व्हीएस कोड या एडिटरमध्ये टॅबवरच्या फुलीच्या जागी भरीव ठिपका दिसत असेल, तर ती सेव्ह झालेली नाही. आणि नोटपॅडमध्ये नवी सीएसएस फाइल तयार केली असेल, तर तिच्या नावाला मागून ‘डॉट टीएक्सटी’ चिकटलेले असण्याची शक्यता मोठी आहे, कारण विंडोज ही शेवटची अक्षरे मुळात लपवून ठेवते. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ यादीतून ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ सुरू केले की खरे नाव दिसते.

ब्राउझरची साठवण

दुसरी तपासणीही फुकटच. ब्राउझर सीएसएस, चित्रे आणि फॉन्ट आपल्याजवळ साठवून ठेवतो, म्हणजे पुढच्या भेटीत पान लवकर उघडते. सर्व्हरने ‘ही फाइल अमुक काळ ताजी समजावी’ असे सांगितलेले असेल, तर तेवढा काळ ब्राउझर नवी प्रत मागतही नाही. साध्या रिफ्रेशने ही साठवण नेहमी मोडतेच असे नाही. विंडोजवर क्रोम आणि फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि आर ही तीन बटणे एकत्र दाबावीत. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड. वारंवार बदल करायचे असतील, तर एफ१२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडावीत आणि ‘नेटवर्क’ टॅबमध्ये ‘डिसेबल कॅश’वर खूण करावी (कॅश म्हणजे हीच साठवण). ही खूण टूल्स उघडी असेपर्यंतच काम करते, हे लक्षात ठेवावे. टूल्स बंद केली की जुनी वागणूक परत येते.

आपल्या संगणकावर प्रश्न सुटला, तरी इतरांच्या मोबाइलवरची साठवण आपल्या हातात नसते. सचिव, मुख्याध्यापक, ग्राहक अशा प्रत्येकाला ‘तुमची कॅश साफ करा’ असे सांगत बसण्यापेक्षा एचटीएमएलमधल्या लिंक टॅगमध्ये (सीएसएस फाइल पानाला जोडणाऱ्या ओळीत) त्या फाइलच्या नावापुढे प्रश्नचिन्ह देऊन ‘व्ही बरोबर २’ असे जोडावे. ब्राउझरच्या दृष्टीने तो नवा पत्ता असतो, त्यामुळे तो ताजी फाइल मागवतो. पुढच्या बदलाच्या वेळी २ चे ३ करावे. फाइलचे नाव प्रत्यक्षात बदलण्याची गरज नसते. संकेतस्थळावर दहा पाने असतील, तर हा बदल दहाही पानांत करावा लागतो. मुखपृष्ठ नवे आणि ‘संपर्क’ पान जुने, अशी तक्रार आली की कारण बहुधा हेच असते.

लाल चौकटीची चाचणी

आता निदानाची खरी पायरी. सीएसएस फाइलच्या अगदी वर एक तात्पुरता नियम लिहावा : निवडक (नियम कोणत्या घटकाला लागू करायचा हे सांगणारा भाग) म्हणून नुसती तारका, आणि महिरपी कंसात ‘आउटलाइन’ हा गुणधर्म ३ पिक्सेल, सॉलिड, रेड, त्यापुढे उद्गारचिन्हासह ‘इम्पॉर्टंट’. तारका म्हणजे पानावरचा प्रत्येक घटक. नियम पोहोचला, तर पानावरच्या प्रत्येक गोष्टीभोवती लाल चौकट उमटते. मी पार्श्वभूमीचा रंग न बदलता आउटलाइन वापरतो, कारण टेम्प्लेटमध्ये बॉडीवर अनेक पट्ट्या पसरलेल्या असतात आणि बदललेली पार्श्वभूमी त्यांच्याखाली झाकून जाऊ शकते. शिवाय बॉर्डरसारखी आउटलाइन जागा व्यापत नाही, त्यामुळे पानाची मांडणी जराही हलत नाही. फाइलच्या सुरुवातीला ‘अ‍ॅट इम्पोर्ट’ने सुरू होणाऱ्या ओळी असतील, तर चाचणीचा नियम त्यांच्या खाली ठेवावा, कारण त्या ओळींच्या आधी दुसरा नियम आला तर ब्राउझर त्या सोडून देतो.

चौकटी उमटल्या नाहीत, तर फाइल पोहोचलेली नाही. मग त्या फाइलमधला कोणताही रंग, कोणताही क्लास (घटकांच्या गटाला दिलेले नाव) तपासत बसण्यात अर्थ नाही.

चौकटी उमटल्या, तर तोच नियम तिथून काढून फाइलच्या अगदी शेवटी ठेवावा आणि पुन्हा पाहावे. वर ठेवल्यावर उमटतात आणि खाली ठेवल्यावर उमटत नाहीत, असे झाले तर मधे कुठेतरी व्याकरणाची चूक आहे. दोन्ही ठिकाणी उमटल्या, तर फाइल पोहोचते आहे, धडही आहे, आणि आपला नियम दुसऱ्या नियमापुढे हरतो आहे. पुढे कोणत्या दिशेने जायचे हे या एका चाचणीवरून ठरते. काम झाल्यावर हा नियम आठवणीने काढून टाकावा.

फाइल पोहोचत नसेल तर

एचटीएमएल फाइल एडिटरमध्ये उघडून वरच्या हेड भागातले लिंक टॅग वाचावेत. इथे चार चुका सतत सापडतात.

पहिली, आपण बदलतो ती फाइल पान वापरतच नाही. अनेक टेम्प्लेटांत एकाच सीएसएसच्या दोन प्रती असतात : वाचता येईल अशी मोकळी, आणि सगळ्या रिकाम्या जागा काढून आवळलेली, जिच्या नावात ‘मिन’ असते. लिंक टॅगमध्ये ‘मिन’ची फाइल असेल, तर मोकळ्या फाइलमधले बदल दिसणार नाहीत. लिंक टॅगमधले नाव बदलून मोकळी फाइल जोडणे हा सोपा उपाय. तसेच ‘सॅस’ नावाचे फोल्डर आणि त्यात एससीएसएस फाइली दिसल्या, तर त्या ब्राउझर वाचत नाही. त्यांच्यापासून सीएसएस तयार करावी लागते. ती प्रक्रिया माहीत नसल्यास एससीएसएस फाइलींना हात लावू नये.

दुसरी चूक नावातल्या लहानमोठ्या अक्षरांची, आणि ‘माझ्याकडे दिसत होते, होस्टिंगवर गेले’ या तक्रारीचे मी पाहिलेले सर्वांत सामान्य कारण हेच आहे. विंडोजला फाइलच्या नावातले मोठे ‘एस’ आणि लहान ‘एस’ सारखेच वाटतात. बहुतेक होस्टिंग लिनक्सवर चालते आणि लिनक्सला ती दोन वेगळी नावे वाटतात. म्हणून सगळी नावे लहान लिपीत, मधे जागा न सोडता ठेवावीत, आणि मार्गात विंडोजची उलटी तिरपी रेघ न वापरता सरळ तिरपी रेघ वापरावी.

तिसरी चूक मार्गाची. मार्ग तिरप्या रेघेने सुरू झाला, तर तो संकेतस्थळाच्या मुळापासून मोजला जातो. घरच्या संगणकावर ते मूळ म्हणजे अख्खी डिस्क, म्हणून तिथे फाइल सापडत नाही. याचाच एक भाऊबंद म्हणजे पार्श्वभूमीचे चित्र गायब होणे. सीएसएसमध्ये दिलेला चित्राचा मार्ग एचटीएमएल पानापासून मोजला जात नाही, सीएसएस फाइल जिथे आहे तिथून मोजला जातो. सीएसएस वेगळ्या फोल्डरमध्ये हलवली की चित्रे हरवतात ती यामुळे.

चौथी चूक क्वचित होते, पण ती माणसाला चकवते. डेव्हलपर टूल्सच्या ‘नेटवर्क’ टॅबमध्ये सीएसएस फाइलपुढे ४०४ दिसले, तर फाइल जागेवर नाही हे उघड आहे. मात्र काही होस्टिंगवर न सापडलेल्या फाइलच्या जागी ‘पान सापडले नाही’ असे सजवलेले एचटीएमएल पान २०० या यशाच्या आकड्यासह पाठवले जाते. आकडा पाहून सगळे ठीक आहे असे वाटते, पण ब्राउझर एचटीएमएलला शैलीपत्रक, म्हणजे सीएसएस, मानण्यास नकार देतो. अशा वेळी ‘कन्सोल’ टॅबमधली तांबडी ओळ वाचावी. तिथे कारण स्पष्ट लिहिलेले असते. पान एचटीटीपीएसवर आणि सीएसएसचा पत्ता जुन्या एचटीटीपीचा असेल, तरीही ब्राउझर ती फाइल अडवतो आणि तेही तिथेच सांगतो.

व्याकरणाची चूक

सीएसएसमध्ये चूक झाली की ब्राउझर कोणताही इशारा पानावर दाखवत नाही. न समजलेली ओळ तो मुकाट्याने सोडतो आणि पुढे जातो. म्हणून ही चूक आपल्यालाच शोधावी लागते.

अर्धविराम राहिला, तर ती ओळ आणि तिच्याखालची ओळ एकत्र होऊन दोन्ही बाद होतात. बंद करणारा महिरपी कंस राहिला, तर त्याखालचे सगळे नियम त्या न मिटलेल्या नियमाच्या पोटात गेले असे ब्राउझर समजतो. २०२३ पासून प्रमुख ब्राउझर नियमाच्या आत नियम लिहू देतात, त्यामुळे हल्ली या चुकीचे दर्शन थोडे वेगळे असते : शेवटी ठेवलेल्या चाचणीच्या लाल चौकटी पूर्ण पानावर न उमटता फक्त मेनूच्या आत उमटतात. असे दिसले, तर मेनूचाच एखादा नियम उघडा राहिला आहे, हे निश्चित समजावे. टिप्पणी सुरू केली आणि मिटवली नाही, तर पुढची टिप्पणी जिथे मिटते तिथपर्यंतचे सगळे गिळले जाते; पुढे टिप्पणीच नसेल, तर खालचे सगळेच जाते आणि शेवटची चौकट कुठेच उमटत नाही. दोन तिरप्या रेघांची टिप्पणी जावास्क्रिप्टमध्ये चालते, सीएसएसमध्ये नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून चिकटवलेला कोड विशेष काळजीने पाहावा. वर्ड सरळ अवतरणचिन्हांची आपोआप वळणदार चिन्हे करतो. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण सीएसएसला वळणदार चिन्ह म्हणजे अवतरणचिन्ह वाटतच नाही. फॉन्टचे नाव अशा चिन्हांत अडकले की तो फॉन्ट कधीच लागत नाही. ती चिन्हे एडिटरमध्ये पुसून हाताने पुन्हा टाइप करावीत. चूक डोळ्यांना सापडली नाही, तर वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या सीएसएस व्हॅलिडेटरवर फाइल द्यावी. ही सेवा विनामूल्य आहे आणि ओळीचा क्रमांक सांगते. चुकांची यादी लांबलचक आली तरी घाबरू नये. पहिली चूक दुरुस्त करून पुन्हा तपासावे, कारण एका हरवलेल्या कंसामुळे खालच्या अनेक ओळी दोषी ठरलेल्या असतात.

नियम पोहोचतो, पण हरतो

आता हा या कामातला सर्वांत समजून घेण्यासारखा भाग. जो घटक बदलत नाही त्यावर उजवी क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडावे. उजवीकडे ‘स्टाइल्स’ पट्टीत त्या घटकाला लागू झालेले सगळे नियम दिसतात, जिंकलेला वर आणि हरलेले खाली. आपली केशरी रंगाची ओळ तिथे आहे, पण तिच्यावर आडवी काट आहे, असे दिसले तर निदान पूर्ण झाले. आपला नियम पोहोचला आहे आणि वरच्या कोणत्यातरी नियमाने त्याला हरवले आहे. तो नियम कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर आहे, हेही त्याच्या उजव्या टोकाला लिहिलेले असते. आपली ओळ तिथे मुळीच नसेल, तर आपण लिहिलेला निवडक त्या घटकाला लागू होत नाही. क्लासच्या नावात एखादे अक्षर चुकले आहे, किंवा नावाआधीचा ठिपका राहिला आहे. ओळीपुढे पिवळा त्रिकोण असेल, तर गुणधर्माचे नाव किंवा किंमत चुकली आहे. ‘कलर’ची स्पेलिंग आपण शाळेत ब्रिटिश पद्धतीने ‘यू’ घालून शिकलो, सीएसएसला ‘यू’ नसलेली अमेरिकन स्पेलिंग लागते.

नियम जिंकतो कसा, हे एकदा पक्के समजले की पुढची निम्मी कामे हलकी होतात. प्रत्येक निवडकाचे वजन तीन आकड्यांत मोजले जाते : आयडी (एकाच घटकाचे खास नाव) किती, क्लास किती, टॅग (घटकाचा प्रकार) किती. टेम्प्लेटने लिहिले असेल की ‘हेडर’ आयडीच्या आतल्या ‘नेव्ह’ क्लासमधला ए टॅग, तर त्याचे वजन १-१-१ झाले. आपण नुसता ‘मेनू-लिंक’ असा एक क्लास लिहिला, तर त्याचे वजन ०-१-०. तुलना डावीकडून होते, म्हणून एका आयडीपुढे दहा क्लासही हरतात. वजन समान असेल, तरच नंतर आलेला नियम जिंकतो. यावरून दोन उपाय निघतात. टेम्प्लेटचा जिंकणारा निवडक ‘स्टाइल्स’ पट्टीतून जसाच्या तसा उचलून आपल्या नियमाला द्यावा, आणि आपली फाइल टेम्प्लेटच्या सगळ्या सीएसएस फाइलींनंतर जोडावी.

माझे ठाम मत आहे की टेम्प्लेटच्या मूळ सीएसएसमध्ये बदल करूच नयेत. आपले सगळे नियम एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवावेत आणि तिचा लिंक टॅग सर्वांत शेवटी द्यावा. मग आपण काय बदलले हे वर्षभरानंतरही कळते, आणि बिघडलेच तर तो एक टॅग काढून मूळ रूप परत मिळते.

‘इम्पॉर्टंट’ लावला की बदल लगेच दिसतो, म्हणून त्याची सवय लागते. ती लावून घेऊ नये. एका ‘इम्पॉर्टंट’ला हरवण्यासाठी दुसरा लावावा लागतो आणि मग कोणता नियम का जिंकला हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. तो लावण्याची रास्त जागा म्हणजे एचटीएमएल टॅगमध्येच ‘स्टाइल’ म्हणून लिहिलेला रंग, जो बाहेरच्या फाइलमधून दुसऱ्या मार्गाने हरत नाही. तोही टॅगमधून काढता येत असेल, तर काढणे अधिक चांगले.

बूटस्ट्रॅप या तयार सीएसएस संचावर बांधलेल्या टेम्प्लेटांत एक वेगळी अडचण येते. आवृत्ती ५ मध्ये मुख्य रंगासाठी ‘बीएस-प्रायमरी’ नावाचे चल (एकदा ठरवून अनेक ठिकाणी वापरली जाणारी किंमत) दिसते आणि ते बदलले की सगळे बदलेल अशी स्वाभाविक अपेक्षा होते. परंतु ५.२ पासून बटणाचा रंग बटणाच्या स्वतःच्या चलातून येतो आणि ५.१ पासूनच पार्श्वभूमीचा मुख्य रंग लाल, हिरवा, निळा यांचे तीन आकडे असलेल्या वेगळ्या चलातून येतो. त्यामुळे बटणासाठी ‘बीएस-बीटीएन-बीजी’ आणि पार्श्वभूमीसाठी ‘बीएस-प्रायमरी-आरजीबी’ ही चलेही बदलावी लागतात. बटणावर बोट किंवा माउस नेल्यावरचा रंग आणखी वेगळ्या चलात असतो, तो विसरू नये.

फक्त मोबाइलवर बदल दिसत नसेल, तर टेम्प्लेटमध्ये ‘मीडिया’ नियम शोधावेत. ७६८ पिक्सेलपेक्षा अरुंद पडद्यासाठी शीर्षपट्टीचा रंग तिथे पुन्हा दिलेला असतो. संगणकावर तपासताना ब्राउझरची खिडकी अरुंद करून ‘स्टाइल्स’ पट्टी पाहावी, म्हणजे हा नियम समोर येतो. आणि मोबाइलवर पूर्ण पानच बारीक, लांबून पाहिल्यासारखे दिसत असेल, तर हेडमधला ‘व्ह्यूपोर्ट’चा मेटा टॅग नाहीसा झाला आहे, तो नसल्यास मोबाइल पडदा सुमारे ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि मोबाइलचे नियम लागूच होत नाहीत.

लोगो एसव्हीजी (रेषा आणि आकारांनी लिहिलेले चित्र) असेल आणि तो चित्राच्या टॅगने लावलेला असेल, तर पानाच्या सीएसएसमधला रंग त्याच्या आत पोहोचत नाही. तिथे एसव्हीजी फाइलच बदलावी लागते.

मराठी अक्षरांचा फॉन्ट

तयार टेम्प्लेटांत बहुधा रोबोटो, लाटो किंवा मॉन्सेरात हे फॉन्ट असतात. त्यांत देवनागरी अक्षरेच नाहीत. ब्राउझर प्रत्येक अक्षरासाठी फॉन्टची यादी क्रमाने तपासतो आणि ते अक्षर नसेल तर पुढच्याकडे जातो. यादी संपली की संगणकातला देवनागरी फॉन्ट घेतो, जो विंडोजवर साधारणतः निर्मला असतो. म्हणून रोबोटोच्या जागी लाटो घातला, तरी मराठी मजकूर निर्मलामध्येच राहतो. क्रोममध्ये ‘इन्स्पेक्ट’ करून ‘कम्प्युटेड’ टॅबच्या तळाशी गेल्यास प्रत्यक्षात वापरलेल्या फॉन्टचे नाव वाचता येते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता, किंवा हिंद, पॉपिन्स, नोटो सॅन्स देवनागरी हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात आणि त्या सर्वांत देवनागरी आहे. यादीत मुक्ता आधी दिला, तर इंग्रजीही मुक्तामध्ये दिसेल. लाटो आधी आणि मुक्ता नंतर दिला, तर इंग्रजी लाटोमध्ये आणि मराठी मुक्तामध्ये दिसेल.

फॉन्ट लागल्यावरही शीर्षक विचित्र दिसत असेल, तर तीन गुणधर्म पाहावेत. परदेशी टेम्प्लेटांत मोठ्या इंग्रजी अक्षरांतल्या शीर्षकांसाठी ‘लेटर-स्पेसिंग’ दिलेले असते. रोमन लिपीत ते शोभते; देवनागरीत त्याने शिरोरेषा अक्षराअक्षरावर तुटते आणि ‘वाचनालय’ हा शब्द पाच सुट्या तुकड्यांसारखा दिसतो. मराठी मजकुरासाठी ते शून्य करावे. ‘लाइन-हाइट’ १ किंवा १.२ असेल, तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. मी ती १.६ च्या आसपास ठेवतो. आणि गूगल फॉन्ट्सवरून फक्त ४०० जाडी मागवली, पण सीएसएसमध्ये ७०० लिहिले, तर ब्राउझर पातळ अक्षरेच कृत्रिमरीत्या जाड करतो. त्यात ‘क्ष’, ‘ष्ट’ यांसारखी जोडाक्षरे भरून येतात. ७०० ची जाडीही मागवावी. आपली भाषा वाचणाऱ्याला नीट दिसावी यासाठी या तीन ओळींवर घातलेला वेळ मला कधीच जास्त वाटलेला नाही.

फॉन्ट बदलताच मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोंधळ आला, तर तो मजकूर युनिकोडमध्ये नाही. शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये साठवलेली अक्षरे खरे तर रोमनच असतात, फक्त त्यांचे चित्र देवनागरी असते. तिथे सीएसएसचा काही दोष नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावा, कारण रूपांतरात रफार आणि वेलांटीच्या चुका राहतात.

सर्व्हरच्या बाजूची साठवण

इथवर सगळे बरोबर असूनही संकेतस्थळावर जुनेच दिसत असेल, तर मधली साठवण तपासावी. क्लाउडफ्लेअरसारखी, सर्व्हर आणि वाचक यांच्या मधली सेवा जोडलेली असेल, तर ती सीएसएस फाइली आपल्याकडे साठवते; तिच्या पॅनेलमध्ये साठवण पुसण्याचा पर्याय असतो आणि ‘डेव्हलपमेंट मोड’ सुरू केल्यास तीन तास साठवण बाजूला ठेवली जाते. टेम्प्लेटमध्ये सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये मागे चालणारी, फाइली साठवू शकणारी स्क्रिप्ट) असेल, तर ‘अ‍ॅप्लिकेशन’ टॅबमधून तो ‘अनरजिस्टर’ करून पाहावे. त्याने फरक पडला, तर दोष सर्व्हिस वर्करच्या फाइलमध्ये आहे, आणि ती दुरुस्ती जावास्क्रिप्ट जाणणाऱ्यानेच करावी.

कुठे थांबावे

एचटीएमएल एका लांबच लांब ओळीत असेल आणि क्लासची नावे अक्षर व आकड्यांची अर्थहीन जुळणी असतील, तर ते पान दुसऱ्या मूळ प्रकल्पातून यंत्राने तयार झालेले आहे. त्यात हाताने केलेला बदल पुढच्या वेळी पान तयार होताच पुसला जाईल. मूळ प्रकल्प ज्यांच्याकडे आहे त्यांनाच सांगावे.

पानावर पैसे भरण्याचा किंवा सभासदांच्या लॉगिनचा फॉर्म असेल, तर रंगापुरतादेखील प्रयोग चालू पानावर करू नये. एचटीअ‍ॅक्सेस फाइल (सर्व्हरला सूचना देणारी), डीएनएस (संकेतस्थळाचे नाव सर्व्हरशी जोडणारी नोंद) आणि सर्व्हरचे सुरक्षा नियम यांना माहितीशिवाय हात लावू नये. तिथली एक चूक रंगाऐवजी संपूर्ण संकेतस्थळ बंद पाडते. आणि फाइलमध्ये आपण न लिहिलेली, न वाचता येणारी लांबलचक स्क्रिप्ट दिसली, किंवा काढलेला मजकूर पुन्हा पुन्हा परत येत असेल, तर संकेतस्थळात कोणीतरी शिरलेले असू शकते. त्या क्षणी काम थांबवावे, होस्टिंगचा पासवर्ड दुसऱ्या सुरक्षित संगणकावरून बदलावा आणि होस्टिंगच्या मदत कक्षाला कळवावे.

तळाची ‘डिझाइन अमुक यांचे’ ही ओळ काढता येत नाही म्हणूनही लोक येतात. ती काढणे तांत्रिकदृष्ट्या सोपे असते, पण आधी परवाना वाचावा. एचटीएमएल५ अप या संकेतस्थळाची टेम्प्लेटे क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्यूशन ३.० परवान्याखाली आहेत आणि त्यांत श्रेय ठेवणे बंधनकारक आहे. कोणाच्या तरी मेहनतीचे ते नाव आहे. त्या ओळीचा आकार आणि रंग आपल्या पानाला साजेसा करावा, नाव राहू द्यावे.

वरच्या तपासण्या क्रमाने करूनही दोन तासांत उत्तर मिळाले नाही, तर जाणकाराला बोलावण्यात कमीपणा नाही. त्याला मूळ झिप फाइल, आपण बदललेले पूर्ण फोल्डर, संकेतस्थळाचा पत्ता, ‘स्टाइल्स’ पट्टी दिसेल असे पडद्याचे चित्र, आणि लाल चौकट वर ठेवल्यावर व खाली ठेवल्यावर काय दिसले याची दोन वाक्ये एवढे पाठवावे. होस्टिंगचा मुख्य पासवर्ड देऊ नये; तेवढ्या फोल्डरपुरते वेगळे एफटीपी (फाइली चढवण्या-उतरवण्याचे) खाते तयार करून द्यावे आणि काम झाल्यावर ते बंद करावे.